सर, ग्रुपवर टाकलंय

महाराष्ट्रातल्या कुठल्याही संलग्न महाविद्यालयात वर्ग सुरू झाले की वेळापत्रक सूचना फलकावर लागायच्या आधी व्हॉट्सॲप ग्रुप तयार असतो. वर्गाचा एक, विभागाचा एक, विषयागणिक एकेक, एनएसएसचा वेगळा, आणि सगळ्या सर-मॅडमना वगळून काढलेला एक, जिथे खरी चर्चा चालते. महाविद्यालयाने दिलेला ईमेल आयडी मात्र बऱ्याच मुलांनी प्रवेशाच्या दिवशी उघडला असेल तेवढाच.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲप प्रत्येकाच्या हातात आहे, डेटा कमी खातं, टाइप करायचा कंटाळा आला तर बोलून पाठवता येतं. गोंधळ होतो तो मेलचं काम ग्रुपवर उरकल्यामुळे. मग सत्र संपताना अंतर्गत गुण भरायची वेळ आली की एकीकडे ‘सर, मी तेव्हाच पाठवलं होतं’ आणि दुसरीकडे ‘मला मिळालंच नाही’, आणि पुरावा कुणाकडेच नाही. म्हणून पाठवण्यापूर्वी एवढंच बघावं: हा संदेश तीन महिन्यांनी शोधावा लागेल का? लागणार असेल तर मेल किंवा गूगल क्लासरूम (असाइनमेंट जमा करायची ऑनलाइन सोय), नाहीतर ग्रुप. आठचा तास दहाला होणार, प्रॅक्टिकलला ॲप्रन आणा, हे ग्रुपवर. असाइनमेंट, गैरहजेरीचं कारण, मुदतवाढ, गुणांबद्दलची शंका, प्रोजेक्टचा विषय बदलणं, शिफारसपत्र, हे सगळं मेलवर.

आता ग्रुप. तो सीआरने, म्हणजे वर्ग प्रतिनिधीने, एकट्याने काढू नये. एकमेव ॲडमिन ग्रुप सोडून गेला तर व्हॉट्सॲप आपल्या मनाने दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करतं, आणि तो कोण निघेल याचा नेम नसतो. विषयशिक्षक, विभागातले आणखी एक शिक्षक आणि सीआर असे तीन ॲडमिन पुरतात. सदस्य जोडायचा अधिकार ॲडमिनपुरता ठेवावा, नव्या सदस्याला मंजुरी लागेल हे सेटिंग चालू करावं, आणि आमंत्रणाची लिंक दरवर्षी रीसेट करावी. जुनी लिंक कुठल्या क्लासवाल्याच्या हाती लागेल सांगता येत नाही. मग त्याच्या जाहिराती वर्षभर सहन करा.

साध्या ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, म्हणून एफवायच्या चारही तुकड्या एकाच ग्रुपमध्ये कोंबायचा मोह होतो. तो टाळावा, कारण साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा मोबाइल नंबर प्रत्येकाला दिसतो. मुलींना रात्री अनोळखी नंबरवरून ‘हाय’ येण्याचा हा एक सोपा रस्ता आहे. त्याऐवजी कम्युनिटी, म्हणजे अनेक ग्रुप एका छत्राखाली आणणारी व्हॉट्सॲपचीच सोय, काढावी. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर ॲडमिनला दिसतात, इतर अनोळखी सदस्यांना दिसत नाहीत. मात्र कम्युनिटीतल्या बाकीच्या ग्रुपमध्ये नंबर नेहमीसारखे उघडेच असतात. म्हणून ते ग्रुप लहान, एका बॅचपुरते ठेवावेत.

याच्याही पुढचा प्रकार म्हणजे याद्या. शिष्यवृत्तीचे अर्ज राहिलेल्यांची यादी ग्रुपवर येते आणि तिच्यात नाव, मोबाइल, जात-प्रवर्ग, उत्पन्न, टक्केवारी असे सगळे रकाने असतात. ऑफिसने एक्सेलची फाइल जशीच्या तशी पीडीएफ केलेली असते, वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यापर्यंत न जाताही हे खटकायला हवं. ग्रुपवर फक्त रोल नंबर आणि ‘कागद अपूर्ण’ एवढंच पुरतं. कोणता कागद, ते ज्याचं त्याला कळवावं. गुणांचंही तेच.

‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हे सेटिंग सूचनांच्या ग्रुपला हवंच. पण नुसतं तेवढं केलं तर मुलांना शंका विचारायला जागा उरत नाही, आणि एकच प्रश्न चाळीस जण शिक्षकांच्या खासगी चॅटवर विचारतात. जोडीला शंकांसाठी एक उघडा ग्रुप ठेवावा आणि त्याची वेळ बांधून द्यावी, म्हणजे समजा संध्याकाळी पाच ते सात. तासाची वेळ ठरवायला पोल वापरावा. ‘मला चालेल’, ‘मला नाही चालणार’ अशा साठ संदेशांतून मतमोजणी करत बसायला नको. आणि सूचनेखाली ‘ओके सर’, ‘थँक्यू मॅम’ लिहू नये. सत्तर नमस्कारांखाली मूळ सूचना गाडली जाते. अंगठ्याची रिॲक्शन द्यावी, तीही दिली नाही तर कुणी रागावत नाही.

सूचना लिहिण्यातच निम्मे घोटाळे असतात. ‘उद्या सबमिशन आहे, सर्वांनी यावे’ हा संदेश रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवला तर सकाळी वाचणाऱ्याचा ‘उद्या’ एक दिवसाने पुढे सरकतो. शिवाय सर्वांनी म्हणजे कुणी, यावे म्हणजे कुठे? त्याऐवजी असं लिहावं:

‘टीवायबीएस्सी रसायनशास्त्र, ब बॅच. गुरुवार, १८ सप्टेंबर, सकाळी १०.३०, प्रयोगशाळा क्र. २. जर्नल आणि ओळखपत्र आणणे. प्रयोगांवर सही राहिली असेल तर बुधवारी दुपारी ४ पर्यंत घेणे.’

तारखेसोबत वार लिहिला की टायपिंगची चूक तिथेच पकडली जाते. पाठवलेला संदेश १५ मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो. त्यानंतर काही बदललं तर जुना संदेश गुपचूप पुसून नवा टाकू नये. व्हॉट्सॲप अडीच दिवसांपर्यंत ‘सर्वांसाठी डिलीट’ करू देतं, पण ज्यांनी जुना वाचला त्यांच्या डोक्यातून तो पुसला जात नाही. जुन्या संदेशालाच रिप्लाय करून सुरुवातीला ‘सुधारित’ लिहावं आणि तो पिन करावा. पिन २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस राहते. परीक्षेचं वेळापत्रक असेल तर ३० दिवस.

ऑफिसमधून आलेली मराठी नोटीस कॉपी करून ग्रुपवर टाकली की अगम्य चिन्हांची रांग उमटते, हा अनुभव बहुतेक विभागांना असेल. कारण सोपं आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवतात. तो फॉन्ट मोबाइलमध्ये नसला की खालची मूळ अक्षरं उघडी पडतात. एकतर युनिकोडमध्ये (सगळ्या फोनवर सारख्याच दिसणाऱ्या मराठीत) टाइप करावं किंवा पीडीएफ करून पाठवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट आत जोडलेला असतो. नोटीस बोर्डाचा फोटो काढून टाकणं हा सगळ्यात वाईट पर्याय: व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, बारीक अक्षरं फुटतात, आणि नंतर सर्चमध्ये त्यातला एक शब्द सापडत नाही. फोटोच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. आणि पीडीएफसोबत तिचा सारांश एका ओळीत लिहावा. ‘कृपया संलग्न परिपत्रक पाहावे’ एवढंच लिहिलं तर ते कुणी उघडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

परीक्षा तोंडावर आल्या की खोटी परिपत्रकं फिरतात, पावसाळ्यात सुट्टीची. खऱ्या परिपत्रकावर जावक क्रमांक, दिनांक आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद असतं. पण तेही कुणी जुन्या कागदावर तारीख बदलून बनवू शकतो. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परीक्षा विभागाच्या किंवा परिपत्रकांच्या पानावर तीच पीडीएफ आहे का हे बघावं. पावसाच्या सुट्टीसाठी जिल्हा प्रशासनाची अधिकृत खाती बघावीत. शिक्षकांनी ‘बघा, खरं आहे का’ असं म्हणूनसुद्धा असा कागद ग्रुपवर टाकू नये. पुढच्या पाच मिनिटांत ‘सरांनी टाकलंय’ म्हणून तो खरा होतो.

इन्स्टाग्राम आणि टेलिग्रामबद्दल थोडंच. इन्स्टाग्राम कार्यक्रमाच्या पोस्टरला उत्तम, सूचनेला निरुपयोगी, कारण तिथे पोस्ट तारखेच्या क्रमाने दिसतीलच असं नाही. टेलिग्राम चॅनल नोट्ससाठी खरोखर चांगलं: उशिरा प्रवेश घेतलेल्यालाही जुनं सगळं दिसतं, २ जीबीपर्यंतची फाइल जाते, सदस्यांचे नंबर झाकलेले राहतात. शिक्षकांच्या वैयक्तिक खात्यावर रिक्वेस्ट पाठवावी का? पाठवली आणि त्यांनी स्वीकारली नाही तर मनाला लावून घेऊ नये, इतकंच.

मेलकडे वळू. पहिली अडचण पाठवणाऱ्याच्या नावाची. पुष्कळ मुलांच्या मोबाइलमधलं गूगल अकाउंट दुकानदाराने फोन विकताना वडिलांच्या किंवा दादाच्या नावाने उघडलेलं असतं. असाइनमेंट मुलीची, मेल येतो वडिलांच्या नावाने, आणि शिक्षक तो अनोळखी म्हणून बाजूला ठेवतात. महाविद्यालयाचा आयडी असेल तर तोच वापरावा. नसेल तर नाव-आडनावाचं नवं अकाउंट काढावं. जुनंच ठेवायचं असेल तर संगणकावर जीमेलच्या सेटिंगमधल्या ‘अकाउंट्स’ भागात जाऊन पाठवणाऱ्याचं नाव बदलता येतं.

मग विषयाची ओळ. रिकामी ओळ, ‘सर’, ‘अर्जंट’, ‘असाइनमेंट’ हे सगळे विषय निकामी आहेत. शिक्षकांकडे तीन वर्गांची मिळून दोनशे मुलं असतात. वर्ग, विषय, रोल नंबर आणि काम एवढं ओळीत असलं की मेल न उघडताही कळतो आणि नंतर सापडतो. नमुना:

विषय: एसवायबीए अर्थशास्त्र, रोल नं. ४७: १२ ऑगस्टच्या चाचणीला गैरहजर, फेरचाचणीसाठी विनंती

आदरणीय मॅडम,
मंगळवार, १२ ऑगस्टच्या सूक्ष्म अर्थशास्त्राच्या अंतर्गत चाचणीला मी डेंग्यूमुळे हजर राहू शकले नाही. १० ते १६ ऑगस्टदरम्यान मी रुग्णालयात दाखल होते. डिस्चार्ज कार्डाची पीडीएफ सोबत जोडली आहे. मूळ प्रत सोमवारी विभागात दाखवीन. फेरचाचणी होणार असल्यास तारीख कळवावी, ही विनंती.
(खाली पूर्ण नाव, तुकडी, पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, मोबाइल नंबर)

शाळेत शिकवलेलं ‘सविनय सादर विनंती अर्ज करते की’ चुकीचं नाही. पण मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळीच दिसतात आणि त्या नम्रतेतच संपतात. काय झालं, कधी झालं, काय हवंय, हे आधी यावं. प्राचार्यांना लिहिताना मात्र ‘मा. प्राचार्य’ आणि महाविद्यालयाचं नाव असा रीतसर मायना ठेवावा, कारण त्या मेलची प्रिंट निघून फायलीला लागते. आणि मराठीत लिहावं की इंग्रजीत? शिक्षक मराठी वाचणारे असतील तर बेलाशक मराठीत. अडखळत्या इंग्रजीत चार वेळा ‘काइंडली’ लिहून नेमकं काय हवंय ते राहून जातं, त्यापेक्षा हे बरं. परदेशी प्राध्यापकांना लिहिताना मात्र ‘रिस्पेक्टेड सर’ नको. समोर बाई असतील तर पंचाईतच. ‘डिअर प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव, हे सगळीकडे चालतं. पीएचडीसाठी एकच मेल चाळीस प्राध्यापकांना ‘टू’मध्ये टाकून पाठवला तर चाळीसही जणांना ते दिसतं आणि उत्तर एकाचंही येत नाही.

जोडण्या. जीमेलमधून २५ एमबीपर्यंतची फाइल जाते, त्याहून मोठी आपोआप ड्राइव्हची लिंक होते. वहीच्या चौदा पानांचे चौदा फोटो, त्यातले तीन आडवे, असं पाठवू नये. ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे, पानं क्रमाने टिपून एकच पीडीएफ करावी. फाइलचं नाव ‘फायनल न्यू १’ असं नसावं. रोल नंबर, विषय, असाइनमेंट क्रमांक या क्रमाने लिहिलं की शिक्षकांच्या फोल्डरमध्ये फायली रोल नंबरनुसार आपोआप लागतात.

लिंकचा घोळ वेगळाच. ड्राइव्हवरची फाइल मुळात ‘रिस्ट्रिक्टेड’ असते. मुदतीच्या रात्री ११.५० ला लिंक पाठवली, सरांनी सकाळी उघडली, समोर ‘परवानगी मागा’ची पाटी. त्यांनी मागितली, ती विनंती मुलाच्या न बघितलेल्या इनबॉक्समध्ये पडून राहिली. पाठवण्यापूर्वी ती लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत (जिथे आपलं लॉगिन नसतं) उघडून बघावी. पण सगळ्यांना उघडेल अशी लिंक वर्गात फिरून नक्कलही होते. म्हणून शिक्षकांचा मेल आयडी टाकून ‘व्ह्यूअर’ म्हणून परवानगी देणं बरं. महाविद्यालयाच्या अकाउंटवरून बाहेरच्या आयडीला फाइल देण्यावर कधी प्रशासकानेच बंदी घातलेली असते, तेव्हा सरळ जोडणीच पाठवावी. शिक्षकांच्या बाजूनेही जोडणीच चांगली, कारण लिंकमागची फाइल मुदतीनंतर बदलता येते.

खरं म्हणजे एकशेवीस असाइनमेंट मेलवर मागवूच नयेत. गूगल क्लासरूममध्ये जमा केल्याची वेळ नोंदली जाते, उशीर झाला तर तसा शिक्का पडतो, राहिलेल्यांची यादी आपोआप मिळते. तिथे मुलांची नेहमीची चूक एकच: फाइल जोडतात आणि ‘टर्न इन’ दाबायचं विसरतात. फाइल तिथे दिसत असते, म्हणून मुलाला वाटतं झालं. दुसरी चूक वर्गात वैयक्तिक जीमेलने शिरायची. मग यादीत त्याचं टोपणनाव दिसतं आणि गुण कुणाचे ते कळत नाही. गुणांबद्दल विचारायचं असेल तर ‘प्रायव्हेट कमेंट’मध्ये विचारावं, शेजारची क्लास कमेंट सगळा वर्ग वाचतो.

शिक्षकांनी वर्गाला मेल करताना पत्ते ‘बीसीसी’त (जिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत) टाकावेत, नाहीतर एकाने ‘रिप्लाय ऑल’ केलं की साठ जणांना त्याची रजेची चिठ्ठी मिळते. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे. ती ओलांडली की पाठवणं काही काळ बंद पडतं, आणि हे बरोबर हॉल तिकिटाच्या आठवड्यात होतं.

उत्तर कधी यावं? कामाचे तीन दिवस थांबावं. मग त्याच मेलला रिप्लाय करून एकदा आठवण द्यावी, नवा मेल लिहू नये, नाहीतर संभाषण दोन तुकड्यांत विभागतं. त्यानंतर व्हॉट्सॲपवर ‘सर, मंगळवारी मेल केला आहे, सवडीने पाहावा’ अशी एक ओळ चालते. रात्री अकराला सुचलं तर जीमेलमधलं ‘शेड्यूल सेंड’ लावून सकाळी नऊची वेळ द्यावी. इथे एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते: आज अनेक विषय तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात, रात्री दिलेल्या उत्तरांचे नाही. निळी टिक दिसली आणि उत्तर आलं नाही, याचा अर्थ उद्धटपणा असा काढू नये. शिक्षकांनीही पहिल्याच दिवशी सांगून टाकावं: मेल अमुक वेळी बघतो, फोन फक्त तातडीच्या कामाला.

पदव्युत्तर प्रोजेक्ट आणि पीएचडीत सगळ्यात उपयोगी मेल म्हणजे भेटीनंतर त्याच संध्याकाळी गाइडना पाठवलेला पाच ओळींचा मेल. आज काय ठरलं, कोणतं प्रकरण बदलायचं, काय वाचायचं, पुढचा मसुदा कधी, पुढची भेट कधी. गाइड बहुतेक गोष्टी तोंडी सांगतात आणि महिन्याने स्वतःच विसरतात. मग ‘हे मी कधी सांगितलं?’ असा प्रश्न येतो, आणि तेव्हा वाद घालण्यापेक्षा जुना मेल पुढे करणं सोपं जातं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तो अहवाल लिहिताना हे मेल एका ठिकाणी असले की अर्धं काम झालेलं असतं. मसुद्याच्या फाइलला आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख द्यावी, आणि गाइडनी दुरुस्त केलेल्या फाइलवरच पुढे काम करावं. जुन्या प्रतीवर काम करून त्यांच्या दुरुस्त्या उडवणं यासारखा संबंध बिघडवणारा दुसरा उपाय नाही.

शिफारसपत्र तीन-चार आठवडे आधी मागावं. मेलमध्ये गुणपत्रिका, सीव्ही, विद्यापीठांची यादी आणि प्रत्येकाची अंतिम तारीख असावी, शिवाय त्या शिक्षकांकडे कोणता विषय, कोणत्या वर्षी शिकलात तेही. परदेशी विद्यापीठं अर्ज भरल्यावर शिक्षकांना थेट लिंक पाठवतात, तीही बऱ्याचदा संस्थेच्या अधिकृत आयडीवरच. आपल्याकडे अनेक शिक्षक तो आयडी महिनोन्‌महिने उघडत नाहीत. म्हणून कोणता आयडी देऊ हे आधी विचारावं, आणि लिंक गेल्याच्या दिवशी ‘स्पॅम फोल्डरही बघावा’ असं कळवावं.

तक्रार ग्रुपवर कधीच मांडू नये, कितीही राग आला तरी. यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि ऑनलाइन तक्रारीची सोय हवी. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. या मुदती मोजायला तारीख लागते, म्हणून पोर्टल किंवा मेल. सीनियर मुलांनी ग्रुप काढून नवीन मुलांना छळणं हेही रॅगिंगच आहे, असं यूजीसीने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे; हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. कुणा शिक्षकाकडून नको ते संदेश येत असतील तर अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू द्यावी, चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या मेलवर पाठवावं, आणि मूळ चॅट पुसू नये. त्या व्यक्तीला ब्लॉक करायचं असेल तर हे सगळं जपून ठेवल्यानंतर.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक काम. निकालानंतर अनेक महाविद्यालयं विद्यार्थ्यांची अकाउंट बंद करतात, आणि त्याबरोबर मेल, ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट, क्लासरूममधल्या नोट्स सगळं जातं. शेवटची परीक्षा झाली की गूगल टेकआउटमधून (गूगलवरचा आपला डेटा उतरवून घ्यायच्या सोयीतून) सगळं उतरवून घ्यावं. शिक्षणसंस्थांच्या अकाउंटसाठी मेल आणि ड्राइव्ह थेट वैयक्तिक अकाउंटवर हलवायची सोयही तिथेच आहे, प्रशासकाने ती बंद ठेवली नसेल तर. नोकरीच्या अर्जांत, स्कॉलरशिपच्या पोर्टलवर हा आयडी दिला असेल तर तो आधी बदलावा, कारण पासवर्ड बदलायचा ओटीपी त्याच आयडीवर जातो. हे राहूनच गेलं आणि अकाउंट डिलीट झालं, तर प्रशासकाला ते २० दिवसांच्या आत परत आणता येतं, पुढे नाही. तेवढ्यात महाविद्यालयाच्या ऑफिसला मेल करावा, आणि तिथेही विषयाच्या ओळीत पीआरएन लिहावा.